बारा एमएमचा डबा

मंगळवार, ४ तारीख

आणि वर मलाच म्हणतात, बाई, आवाज खाली ठेवा. का ठेवू? हात माझ्या भावाचा गेलाय, साहेबांचा नाही. उजवा. मनगटाच्या वर चार बोटं, तिथून काढला. त्याची भूल नीट उतरली नाही तोवर यांचा कागद तयार! शनिवारी अपघात, मंगळवारी अहवाल. एरवी स्टोअरमधला पंखा दुरुस्त करायला यांना आठ महिने लागतात.

मोठ्या साहेबांनी वाचून दाखवलं. फिटरने चुकीच्या मापाचा नट लावला, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवायच्या लोखंडी पाळण्याचा एक कोपरा सुटला आणि फिटरला दुखापत झाली. कारण, फिटरचा निष्काळजीपणा. मी विचारलं, दुखापत म्हणजे? खरचटलंय का त्याला? तेव्हा आवाजाचं सांगितलं.

हा शेरा राहिला तर धाकट्याला घरी बसवणार. कामावर हात गेलेल्या माणसाला डेपोत बसून करायचं काम देतात, फाटकावर नाहीतर पाने-हत्यारं द्यायच्या खिडकीशी. पण चूक त्याची नसली तरच. चूक त्याची ठरली तर हातही गेला आणि कामही. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या. पाना धरण्याशिवाय काही शिकला नाही. वीस वर्षांपूर्वी मीच त्याचं बखोट धरून इथे आणला होता.

साहेब म्हणाले, तुमचं काही म्हणणं असेल तर लिहून द्या. त्यांना वाटलं, चौथी शिकलेली बाई काय लिहिणार. पोरीची अर्धी कोरी वही घेतली आहे. जे होईल ते रोजच्या रोज यात लिहीन, आणि कामाचं तेवढं उतरवून त्यांच्या टेबलावर आपटीन.

बुधवार, ५ तारीख

पोरगी डोकावून वाचत होती. म्हणाली, "आई, समजेल असं लिही. साहेब लोकांना नट म्हणजे काय ते माहीत नसतं." खरंच नसतं. आधीच्या साहेबाने मला विचारलं होतं, बाई, एवढे डबे कशाला, एकच मोठा का नाही?

तर लिहिते. माझं टेबल स्टोअरच्या मागच्या दाराशी. गाड्या खोलल्या की निघालेले नट तेलकट घमेल्यातून माझ्याकडे येतात. रॉकेलमध्ये धुवायचे, पुसायचे, आटे झिजलेले भंगारात, चांगले आपापल्या डब्यात. साधे षटकोनी. चेकनट म्हणजे तेच, पण निम्म्या जाडीचे, दुसऱ्या नटाला हलू न देणारे. खाचा पाडलेले कॅसल नट, त्यांच्यातून पिन घालतात. टोपीवाले. कानवाले, ते हातानेच फिरवायचे. आत नायलॉनची कडी असते तो नायलॉक. तो एकदा निघाला की भंगारात, कारण कडीची पकड गेलेली असते. इथवर कुणालाही जमेल.

मेख मापात आहे. आमच्या जुन्या गाड्या इंचाच्या, नव्या मिलिमीटरच्या, आणि नांदतात एकाच डेपोत. बारा एमएमचा नट आणि अर्ध्या इंचाचा, त्याला आम्ही चार सुती म्हणतो, हे दोघे बाहेरून जुळे. दोघांना एकोणीसचाच पाना बसतो. फरक सगळा पोटात. चार सुतीचं भोक अर्धा-पाऊण एमएमने मोठं, इंचाला तेरा आटे. बारा एमएमचे आटे त्याहून दाट. सगळ्यात म्हाताऱ्या दोन गाड्यांना इंचाला बारा आट्यांचे नट लागतात, पण त्यांचं डोकंच मोठं, पाना वेगळा, त्यामुळे ते ओळखू येतात.

वाईट हे की बारा एमएमच्या बोल्टावर चार सुती नट चढतो. चढलाच नसता तर कटकट नव्हती. तीन-चार आटे सैलसर जातो, मग अडकतो, आणि पाना मारणाऱ्याला वाटतं घट्ट बसला. वजन पडलं की आटे सोलून निघून येतो. पाळण्याच्या चार बोल्टांपैकी एकावर हेच झालं आणि गिअरबॉक्स धाकट्याच्या हातावर आला.

नियम असा की प्रत्येक नट तपासायच्या बोल्टाला लावून बघायचा. माझ्या टेबलाला चार सुती बोल्ट साखळीने बांधलेला आहे. तो शिरला तर नट चार सुती, नाही शिरला तर बारा एमएम. मी लावत नाही. करंगळीचं टोक आत फिरवलं की मला कळतं. नवीन साहेब आला की त्याला ही गंमत दाखवायला माझ्याकडे आणतात. बावीस वर्षांत माझ्या डब्यातून चुकीचा नट गेल्याची एक तक्रार नाही. रजिस्टर बघा म्हणावं.

दुपारी दवाखान्यात गेले. धाकटा उशीला टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "बरं झालं ताई, घड्याळ डाव्या हाताला बांधायचो."

"मेल्या, गप्प बस. नट कुठून आणलास ते सांग."

"खिशात होता."

"कुणाच्या?"

"माझ्याच. कधीचा पडला होता, लावला. चूक माझी आहे. साहेब आले होते, त्यांना सांगितलं मी. कागदावर अंगठाही दिला."

"अंगठा? तुला सही येते की!"

"सही उजव्याने येते, ताई."

मी तोंड फिरवून चहा ओतून घेतला. मग त्याला चांगला फैलावर घेतला. औषधाच्या गुंगीत माणूस काहीही कबूल करतो, यांनी तेवढ्यात कागद पुढे केला. आणि हा गाढव आपणहून मान पुढे करतो. भावजय मध्येच ओरडली, "ताई, अहो, ग्लास! हात पोळतोय तुमचा!" नुकता उकळलेला चहा होता, मी स्टीलचा ग्लास मुठीत धरून बसले होते. बोटं लाल झाली होती. एवढं काय? रॉकेलने कातडी जाड झाली आहे माझी.

धाकटा माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ताई, तू आता घरी जा.

शनिवार, ८ तारीख

चष्मेवाल्याशी भांडले. हा स्टोअरचा कारकून. मी डबे भरते, हा खिडकीतून फिटरांना मोजून देतो. चष्मा कपाळावर ठेवतो आणि दिवसभर चष्मा शोधतो. मी म्हटलं, डबे तूच मिसळले असशील.

"मी डब्यात बोटसुद्धा घालत नाही हो. वाटीने काढतो. तुमच्या डब्यांशी खेळणारा एकच, तुमचा भाऊ. सुटीच्या आधी अर्धा तास रोज."

हे खोटं नाही. दीडेक वर्षापासून धाकट्याला ही खोड लागली होती. मी हात धुवायला गेले की हा माझ्या टेबलाशी. बारा एमएमच्या डब्यातून मूठभर काढायचा, दुसऱ्या डब्यात टाकायचा. विचारलं तर म्हणायचा, जास्तीचे नेले होते, परत ठेवतोय. एकदा तर मला शिकवायला लागला, ताई, बोल्ट लावून बघत जा. मी म्हटलं, तुझं नाक मी पुसलंय, तू मला शिकवू नकोस.

आणि मग मलाच माझ्या बारा एमएमच्या डब्यात चार सुती सापडले. दोनदा. नव्या बारा एमएमच्या अंगावर आकडा कोरलेला असतो, तो नव्हता म्हणून शंका आली, बोल्ट लावला तर सरळ आत. कुणी टाकले असणार? अपघाताच्या आदल्या गुरुवारी मी त्याला सगळ्यांदेखत झापला. माझ्या डब्यांचा खिचडा केलास, परत बोट घातलंस तर बघ. एरवी तो माझ्या शिव्यांना हसतो. त्या दिवशी हसला नाही. बरं म्हणाला आणि गेला.

म्हणजे नट त्यानेच मिसळले, आणि त्यातलाच एक त्याच्यावर उलटला? मग साहेबांचा कागद बरोबर ठरतो. हे मी कुणाला लिहून देणार नाही.

मंगळवार, ११ तारीख

दवाखान्यातून त्याचे त्या दिवशीचे कपडे मिळाले. भावजय हात लावेना, म्हणून मी घरी आणले. डांगरीची उजवी बाही कात्रीने उभी कापलेली. मी ती धुतली. कशाला धुतली माहीत नाही. ती कोण घालणार?

डाव्या खिशात फडक्याची पुरचुंडी निघाली. आत सात नट. सगळे एकोणीसच्या पान्याचे. आजोबांकडे नेले. आजोबा म्हणजे आमचा लेथवाला. साठीचासुद्धा नाही, पण तिशीत केस पांढरे झाले आणि नाव चिकटलं. त्याने सातही बघितले. म्हणाला, सगळे चार सुती.

मी म्हटलं, "बघा! म्हणजे खरंच खिशात नट घेऊन फिरत होता हा. तसंच म्हणाला मला."

आजोबा लेथवर चढवलेलं काम पुसत राहिला. नंतर म्हणाला, "पुरचुंडी बांधून ठेवायचा तो. सुटा नट कधी खिशात टाकायचा नाही."

"मग?"

"मग काही नाही. जा, घमेलं साचलं असेल तुझं."

याला कधी सरळ बोलता येत नाही.

गुरुवार, १३ तारीख

पोरीच्या गणवेशाला बटण लावत होते. सुईत दोरा जाईना, तो तिने ओवून दिला. बटण लावून झालं आणि ती किंचाळली. पांढऱ्या कापडावर चार-पाच ठिकाणी रक्ताचे ठिपके. माझ्या अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात सुई गेली होती, एकदा नाही, बऱ्याचदा.

"आई, तुला कळलं नाही?"

"कामात होते."

"आई, डोळे मिट." तिने माझ्या बोटांवर काहीतरी केलं. "मी काय केलं?"

"काही नाही केलंस."

"चिमटा काढला."

मी तिला म्हटलं, चहाटळपणा पुरे, अभ्यासाला बस. ती रडायला लागली. तिला काय रडायचं कारण? गेली दोन वर्षं हातांना मुंग्या येतात, सकाळी कप सुटतो हातातून, हे तिला माहीत आहे. वयाने होतं असं. एक्कावन्न संपलं मला.

सोमवार, १७ तारीख

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

तीन दिवस ते चिमट्याचं डोक्यातून जाईना. दुपारच्या सुटीत आजोबांकडे गेले. म्हटलं, चाळीस नट घ्या. वीस बारा एमएम, वीस चार सुती. आकडे दिसणार नाहीत असे निवडा. मी डोळे बांधते. एकदा कळू दे सगळ्यांना.

"कशाला उगाच?"

"घाबरलात का?"

त्याने निवडले. मी लेथशेजारच्या स्टुलावर बसले, डोळ्यांवर रुमाल. तो एकेक हातात देत होता आणि मी सांगत होते. बारा. बारा. चार सुती. बारा. जोरात सांगत होते. दोन फिटर डबा खाता खाता उभे राहिले होते, त्यांचा आवाज ऐकू येत होता. मग तो येईनासा झाला.

रुमाल काढला. आजोबाने दोन ताटल्या केल्या होत्या, बरोबर आणि चूक. चुकलेल्यांच्या ताटलीत सतरा.

मी म्हटलं, परत. गार आहेत नट, हात आखडला. परत केलं. एकोणीस.

फिटर आपापले डबे उचलून निघून गेले. नुसतं तोंडाला येईल ते बोलले असते तरी वीस चुकले असते. म्हणजे माझ्या बोटांना काहीच कळत नाही. काहीच नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षी, उन्हाळ्याच्या आधी. बारा एमएमच्या डब्यातला चार सुती घेऊन तुझा भाऊ माझ्याकडे आला. म्हणाला, आजोबा, ताईच्या हातून गेलाय. कुणाला बोलू नका. तेव्हापासून रोज सुटीआधी डब्यातला एकेक नट तुझ्याच टेबलावरच्या बोल्टाला लावून बघायचा. चुकलेले पुरचुंडीत बांधायचा आणि सवडीने बरोबर डब्यात टाकायचा."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं कुणाला?"

"मी सांगितलं होतं तुला, बोल्ट लावत जा म्हणून. तू म्हणालीस, आजोबा, तुम्ही तुमचं लेथ सांभाळा."

म्हणाले होते. आठवतं मला. चारचौघांत म्हणाले होते आणि सगळे हसले होते.

मंगळवार, १८ तारीख

बारा एमएमचा सगळा डबा टेबलावर पालथा केला. प्रत्येक नट बोल्टाला लावला. एकशे सदतीस नट. त्यात नऊ चार सुती निघाले.

नऊ. ते कुणाकुणाच्या हातात गेले असते. चष्मेवाला बाजूला उभा राहून बघत होता. त्याने पाणी आणून ठेवलं.

गुरुवार, २० तारीख

पोरीने ओढत डॉक्टरकडे नेलं. त्याने मनगटावर टिचक्या मारल्या, कापूस फिरवला, टोचून बघितलं. म्हणाला, मनगटात शीर दाबली गेली आहे, दोन्हीकडे, बरीच वर्षं. आधी दाखवलं असतं तर एवढं झालं नसतं. छोटं ऑपरेशन आहे, पण बोटं पहिल्यासारखी होतीलच असं सांगत नाही. मी विचारलं, ही बोटं चुकतात हे माझं मलाच कसं नाही कळलं? तो म्हणाला, ज्याने कळायचं तेच गेलं होतं, बाई.

पोरीने वाटेत माझा हात धरला होता. धरलाय हे मी बघितलं तेव्हा कळलं.

शुक्रवार, २१ तारीख

धाकट्याला काल घरी आणलं. आज कामावरून तिकडेच गेले. भावजय त्याला सदरा घालत होती. तो डावा हात बाहीत घालायला गेला आणि उजवा आपोआप बटणाकडे निघाला. मग मध्येच थांबला. आम्ही तिघंही खिडकीकडे बघायला लागलो.

भावजयीला म्हटलं, जरा बाहेर जा. म्हणाली, "मी इथेच बसते ताई. मला सगळं माहीत आहे. आधीपासून." मग मला विचारायचं काही उरलंच नाही.

तरी म्हटलं, "चाळीसात सतरा चुकले माझे."

"आजोबा सांगून गेले."

"तो नट तुझ्या खिशातला नव्हता."

"नव्हता. खिडकीतून घेतला, सगळ्यांसारखा."

"तू तर प्रत्येक नट तपासायचास. त्या दिवशी का नाही तपासलास?"

त्याने डाव्या हाताने रिकामी बाही सारखी केली. मग हळू म्हणाला, "तू म्हणालीस ना, डब्यात बोट घालू नकोस. नाही घातलं."

हे तो रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. रागाने म्हणालाच नाही.

"लावताना हलला नाही तो?"

"हलला जरा. कळलं मला. पण बदलायला खिडकीशी गेलो असतो तर आत टेबलाशी तू बसली होतीस. आधीच चिडलेली. म्हटलं, तीन बरोबर आहेत, पाच मिनिटांचं काम आहे, निघेल."

भावजय उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्याचा आवाज आला नाही, नळाचा आला नाही. नुसती उभी असणार.

मी सांगितलं, सोमवारी मी साहेबांना सगळं सांगते. तेव्हा मात्र तो चिडला. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "काय मिळणार? माझा हात येणार? तुलाही काढतील. दोन घरांत मिळून एक माणूस तरी कामावर राहू दे. मी कशासाठी अंगठा दिला मग?"

"तुझ्या नावावर निष्काळजी लिहिलंय त्यांनी."

"लिहू दे. मी कुठे वाचत बसणार आहे?"

"मी वाचते."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. मी अर्धा तास बसले. तो झोपला नव्हता, मला कळत होतं. लहानपणी रुसला की असाच पडायचा आणि मी त्याच्या पाठीवर हात फिरवायचे. आजही फिरवला. सदऱ्याचं कापड, त्याखालची पाठ, यातलं माझ्या हाताला काही लागलं नाही.

सोमवार, २४ तारीख

साहेबांसमोर उभी राहिले. आवाज अजिबात चढवला नाही. चाळीस नटांचं सांगितलं, नऊ नटांचं सांगितलं, डॉक्टरचा कागद पुढे ठेवला. चूक माझी, म्हटलं. तुमच्या कागदावरचं कारण खोडा.

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिली खुर्ची. म्हणाले, "बाई, भावासाठी तुमचा जीव तुटतो, मला समजतं. पण त्यासाठी स्वतःवर खोटा आळ घेऊ नका. मी रजिस्टर बघितलंय. बावीस वर्षांत तुमच्या डब्याबद्दल एक तक्रार नाही. त्याने स्वतः कबूल केलंय. अंगठा आहे."

मी म्हटलं, दीड वर्षापासून तक्रार नाही ती त्याच्यामुळेच नाही.

"असं कसं लिहिणार मी? तुमची बोटं दीड वर्षापासून चुकतात हे कशावरून?"

बाहेर चष्मेवाला उभा होता. मी म्हटलं, चल आत, सांग काय काय बघितलंस. तो चष्मा पुसायला लागला. "मला घरदार आहे हो," म्हणाला. आजोबाने मात्र न विचारता एक कागद लिहून दिला. तीन ओळी. त्याखाली सही आणि लेथ नंबर.

सगळ्यांचं बरं चाललंय. साहेबांची फाइल बंद, माझं काम शाबूत, धाकट्याची इच्छा पुरी. खोटं तेवढं आहे तसंच राहील आणि त्यावर त्याचा डावा अंगठा राहील. परवा पोरगीसुद्धा म्हणाली, आई, मामालाच नको आहे तर कशाला? धाकटा माझ्याशी बोलत नाही. भावजय दार उघडते, पाणी देते, आणि दुसऱ्या खोलीत जाते. मी चूक करते आहे का, हे विचारायलाही कुणी उरलं नाही. पण रोज टेबलाशी बसायचं, नट बोल्टाला लावायचा आणि तो बोल्ट माझ्यामागे कोण लावत होता ते आठवायचं, हे मला जमणार नाही.

बुधवार, २६ तारीख

आज साहेबांना दिलं ते इथे उतरवून ठेवते. पोरीने शुद्धलेखन बघितलं, बाकी सगळं माझं आहे.

"मोठे साहेब यांस,

मी स्टोअरच्या मागच्या दाराशी नट निवडते. एक तारखेला गिअरबॉक्सच्या पाळण्यावर जो चार सुती नट लागला तो मी निवडलेला होता आणि मी बारा एमएमच्या डब्यात टाकला होता. फिटरने तो खिडकीतून रीतसर घेतला. त्याच्या खिशातला नव्हता. कागदावर अंगठा दिला तेव्हा तो मला वाचवत होता.

माझ्या बोटांना दुखणं आहे असं डॉक्टर लिहितात. ते कारण म्हणून सांगत नाही. बोल्ट लावून बघितला असता तर दुखण्याने काही बिघडलं नसतं. बोल्ट माझ्याच टेबलाला बांधलेला आहे आणि लावायचा नियम मला माहीत होता. मी लावला नाही. मला सांगितलं गेलं, तरी लावला नाही. निष्काळजीपणा हा शब्द तुम्हाला लिहायचाच असेल तर माझ्यापुढे लिहा.

लेथवाल्यांचा कागद सोबत आहे. रजिस्टरात तक्रार नाही हे तुम्ही परत मला सांगू नका. माझ्यावर विश्वास नसेल तर चाळीस नट घेऊन स्वतः या आणि माझे डोळे स्वतः बांधा. तुमच्या शिपायाला पाठवू नका.

मला या टेबलावरून उठवावं लागेल, ते उठवा. कुठे टाकायचं ते तुम्ही ठरवा, काढायचं असेल तर काढा. पण माझ्या भावाच्या कागदावरचा शेरा खोडून त्याला हत्यारांच्या खिडकीशी बसवा. पान्यांची मापं त्याला पाठ आहेत, ती डाव्या हातानेही देता येतात.

हो की नाही, ते सोमवारी ३१ तारखेला सुटीच्या आधी मला लेखी कळवा. फाइल बंद झाली आहे हे उत्तर मी घेणार नाही."

पोचेची सही घेतली आहे. धाकट्याला अजून सांगितलेलं नाही. त्यालाही सोमवारपर्यंतच वेळ आहे. उद्या जाऊन त्याला विचारणार, अंगठा मागे घेतोस की नाही, ते सांग मला.